सीईओ आणि आयुक्त: सोलापुरातल्या दोन खुर्च्या आणि तिथवरची वाट

सोलापुरातल्या अभ्यासिकांत बसणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, झेडपीचा सीईओ व्हायला कोणती परीक्षा द्यायची?’ तशी परीक्षा नाही, हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे जरासे पडतात. परीक्षा माणसाला सेवेत घेते. पद नंतर शासन देते, आणि या दोहोंच्या मध्ये काही वर्षांची, कधी कधी तर वीस-बावीस वर्षांची नोकरी असते. ती वाट कशी आहे, तिच्या शेवटी मिळणाऱ्या खुर्चीवर नेमके काय करता येते आणि काय करता येत नाही, हे मुलांना ठाऊक असायला हवे. त्या खुर्चीसमोर अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या नागरिकांना तर त्याहूनही अधिक.

आधी एक गल्लत दूर करू. आपल्या शहरात प्रशासनाचे तीन मोठे ‘साहेब’ बसतात. जिल्हाधिकारी हे राज्य शासनाचे जिल्ह्यातले प्रतिनिधी असतात. महसूल, भूसंपादन, आपत्ती व्यवस्थापन, निवडणुका ही त्यांची मुख्य कामे, आणि त्यांच्यावर कोणतीही निवडून आलेली सभा नसते. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ, अकरा तालुक्यांच्या ग्रामीण भागाचा कारभार चालवतात आणि त्यांच्यासमोर ६८ सदस्यांची परिषद असते. महापालिकेचे आयुक्त शहराचा कारभार पाहतात आणि त्यांच्यासमोर १०२ नगरसेवकांची सभा असते. स्थानिक स्वराज्य संस्थेचे मुख्य कार्यकारी म्हणावेत असे यांतले दोनच, सीईओ आणि आयुक्त. नगरपालिकांमध्ये हीच भूमिका मुख्याधिकारी बजावतात. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला या गावांच्या लोकांना ते पद चांगले परिचयाचे आहे.

ही गल्लत कागदावरची नाही. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटजवळ मी एकदा एका आजींना पाहिले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला अर्ज होता, आणि तक्रार होती घरासमोर तुंबलेल्या गटारीची. घर शहराच्या हद्दीत होते. शिपायाने अर्जावर नजर टाकून अगदी मायेने सांगितले, ‘आज्जी, ह्ये हितलं काम न्हाई. इंद्रभुवनात जावा, कार्पोरेशनला.’ आजींनी विचारले, ‘मग हितलं सायब मोठं न्हाईत का?’ शिपाई गप्प राहिला. साहेब मोठे होते. पण त्या गटारीवर त्यांचा काडीचाही अधिकार नव्हता.

या पदाची गोष्ट सुरू होते ती मुंबईत. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड तिथले पहिले महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे रूप पालटले आणि मंडई उभारली; पण खर्चाला लगाम घालणारे कोणी नव्हते, आणि काही वर्षांतच पालिकेची तिजोरी अडचणीत आली. करदाते संतापले. आयुक्त हे पदच नको, कारभार समितीकडे द्या, असा सूर निघाला. तेव्हा तरुण फिरोजशहा मेहता यांनी वेगळे मत मांडले: काम एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावे, म्हणजे जाब कोणाला विचारायचा हे स्पष्ट राहते; मात्र त्याच्यावर देखरेख लोकांनी निवडून दिलेल्यांची असावी. १८७२ च्या आणि पुढे १८८८ च्या कायद्यात हाच साचा पक्का झाला. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने तो मुंबईबाहेरच्या शहरांसाठी घेतला. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची. १ मे १९६४ रोजी तिची महापालिका झाली आणि मग आयुक्तपदाचा हा साचा आपल्याकडेही लागू झाला.

जिल्हा परिषदेचे मूळ वेगळे आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेली जिल्हा लोकल बोर्डे मोडून गावपातळीपर्यंत सत्ता न्यावी, असे बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली सुचवले. महाराष्ट्राने त्यासाठी वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली. या समितीने एक मोठा निर्णय सुचवला: जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेच्या बाहेर ठेवायचे आणि परिषदेसाठी वेगळा वरिष्ठ अधिकारी नेमायचा. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम याच विचारातून आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. माझ्या मते महाराष्ट्राच्या पंचायतराजातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. जिल्हाधिकारीच परिषदेचे प्रमुख झाले असते, तर अध्यक्ष आणि सभापती यांचे वजन पहिल्याच दिवशी संपले असते.

आता त्या खुर्चीपर्यंतच्या वाटांकडे येऊ. पहिली वाट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची. भारतीय प्रशासन सेवेत निवड झालेला उमेदवार मसुरीच्या अकादमीत आणि मिळालेल्या राज्यातल्या एखाद्या जिल्ह्यात प्रशिक्षण घेतो. या काळात तो तलाठ्याच्या दप्तरापासून तहसील कार्यालयापर्यंत आणि ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळीकडे काही काळ बसतो. त्यानंतर पहिली खरी नेमणूक बहुधा प्रांत म्हणून, किंवा आदिवासी भागात प्रकल्प अधिकारी म्हणून होते. तिथे दोनेक वर्षे काढली की जिल्हा परिषदेचे सीईओपद येते. म्हणजे या वाटेने आलेला अधिकारी तिशीच्या आसपास हजारो शिक्षक आणि शेकडो ग्रामपंचायत अधिकारी यांचा प्रमुख होतो. त्याच्या हाताखालच्या खातेप्रमुखांपैकी अनेकांची नोकरी तोवर त्याच्या वयाच्या जवळ गेलेली असते. कोणतेही प्रशिक्षण या प्रसंगाची पुरती तयारी करून घेत नाही, असे मला वाटते.

आपल्या जिल्ह्याने असे अधिकारी पाहिले आहेत. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, सामोडे गावी, भिल्ल कुटुंबात वाढलेले आणि वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. राजेंद्र भारूड सोलापूर जिल्हा परिषदेचे सीईओ होते. इथून ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. सीईओपदानंतर जिल्हाधिकारीपद हा या वाटेवरचा नेहमीचा क्रम आहे. महापालिका आयुक्तपद कधी जिल्हाधिकारीपदाच्या आधी येते, कधी नंतर. ते शहर केवढे आहे त्यावर ठरते. पुढे विभागीय आयुक्त, मंत्रालयात सचिव, अशी चढण असते.

दुसरी वाट लांब आहे, आणि तिच्याविषयी मुलांना कोणी फारसे सांगत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन उपजिल्हाधिकारी झालेला अधिकारी पदोन्नतीने भारतीय प्रशासन सेवेत जाऊ शकतो. या सेवेतल्या वरिष्ठ पदांपैकी एक तृतीयांश पदे अशा राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी असतात. उपजिल्हाधिकारी पदावर आठ वर्षे झाली की नियमाने माणूस पात्र ठरतो. प्रत्यक्षात ज्येष्ठता यादीतला क्रम यायला त्याच्या दुप्पट किंवा अधिक काळ लागतो. तोपर्यंत अधिकाऱ्याने अनेक जिल्ह्यांतली महसुली कार्यालये पाहिलेली असतात, गावची भाषा त्याच्या जिभेवर असते आणि कोणत्या फाईलमागे काय दडले आहे हे तो वासाने ओळखतो. सेवानिवृत्ती मात्र जवळ आलेली असते. थेट आलेल्या तरुण अधिकाऱ्याकडे धडाडी असते आणि पुढची तीस वर्षे असतात. पदोन्नतीने आलेल्याकडे मुरलेपण असते आणि हाताशी वर्षे थोडी असतात. कोण बरे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. पण समोर बसलेला अधिकारी कोणत्या वाटेने आला हे कळले, तर त्याच्या निर्णयांचा कल बराचसा कळतो.

तिसरी वाट सर्वांत अरुंद. गटविकास अधिकारी आणि उपमुख्य कार्यकारी अधिकारी हे महाराष्ट्र विकास सेवेतले लोक. यांची उभी हयात पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत जाते, घरकुल यादीपासून पाणीटंचाईच्या टँकरपर्यंत सारे त्यांना तोंडपाठ असते, तरी भारतीय प्रशासन सेवेची दारे त्यांच्यासाठी फारच थोडी उघडी आहेत. महसूल सोडून राज्याच्या इतर सेवांतून होणारी निवड पदोन्नतीच्या वाट्यातल्या १५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि तेवढ्या जागांसाठी सर्व खात्यांचे अधिकारी रांगेत असतात. ज्यांनी जिल्हा परिषद आतून चालवली त्यांतले इतके थोडे लोक तिच्या प्रमुखपदी पोहोचतात, ही गोष्ट मला खटकते आणि ती बदलावी असे मनापासून वाटते. मुख्याधिकारी संवर्गाची स्थिती थोडी बरी आहे. नगरपालिकांत मुख्याधिकारी म्हणून काम केलेले अधिकारी महापालिकेत उपायुक्त होतात, आणि लहान महापालिकांत आयुक्तपदापर्यंतही जातात.

पगाराविषयी मुले विचारतातच, म्हणून थोडक्यात: सातव्या वेतन आयोगानुसार भारतीय प्रशासन सेवेत सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, वरिष्ठ वेतनश्रेणीत ६७,७०० रुपये, कनिष्ठ प्रशासकीय श्रेणीत ७८,८०० रुपये आणि निवड श्रेणीत १,२३,१०० रुपये अशी पायरी आहे. सीईओ आणि मध्यम शहरांचे आयुक्त साधारणपणे या मधल्या पायऱ्यांवर असतात.

खुर्चीवरचे दिवस कसे जातात ते एका फाईलवरून समजून घेऊ. माढा किंवा मंगळवेढा तालुक्यातली एक शाळा धरा. दोन वर्गखोल्या गळतात. मुख्याध्यापक पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवतात. तिथून प्रस्ताव प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे येतो. बांधकाम विभागाचा अभियंता जागेवर जाऊन अंदाजपत्रक करतो. पैसा कुठून, हा पुढचा प्रश्न. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला सगळे सेस फंड म्हणतात, ते तुटपुंजे असते: जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्काचा वाटा, गाळ्यांचे भाडे, ठेवींवरचे व्याज. म्हणून बहुतेक शाळा जिल्हा नियोजन समितीच्या निधीकडे डोळे लावून असतात, आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. निधी ठरला की सीईओंच्या सहीने प्रशासकीय मान्यता मिळते, अभियंते तांत्रिक मान्यता देतात, निविदा निघते, कार्यारंभ आदेश जातो, काम झाले की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या तपासणीनंतर बिल निघते.

या साखळीत सीईओंची सही एकाच ठिकाणी महत्त्वाची वाटते. खरे काम मात्र सह्यांच्या मध्ये असते. फाईल कोणत्या टेबलावर थांबली, का थांबली, टिपणीत शंका खरी आहे की वेळ काढण्यासाठी आहे, अभियंत्याने अंदाजपत्रक जागेवर जाऊन केले की कार्यालयात बसून, हे ज्याला ओळखता येते तो अधिकारी गळकी खोली पुढच्या पावसाळ्याआधी दुरुस्त करून देतो. ज्याला येत नाही त्याच्या काळातही फाईल नियमाप्रमाणेच फिरते, आणि मुले वर्गात बादल्यांशेजारी बसतात. जिल्हा नियोजनचा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला दोन वर्षांची मुदत असते, तरीसुद्धा दर मार्चला लेखा विभागात रात्री दिवे जळतात, ते याच कारणाने.

माणसांचा कारभार हा दुसरा मोठा भाग. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांचे नियुक्ती अधिकारी सीईओ असतात. खातेप्रमुखांच्या कामावर शेरे त्यांचे असतात. शिक्षकांच्या बदल्या हा विषय एके काळी इतका मोठा होता की मे महिन्यात झेडपीत उभे राहायला जागा नसे. २०१७ नंतर त्या बदल्या संगणकावर होऊ लागल्या आणि बरीचशी शिफारसबाजी आटली. याच शिक्षकवर्गात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले होते, ज्यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले.

वर्षातले काही दिवस मात्र असे येतात की सीईओ सारा दिवस कार्यालयाबाहेर असतात. आषाढी वारी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते आणि तुकाराम महाराजांची नीरा ओलांडून अकलूजला. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा गावांतून लाखो माणसे पुढे सरकतात, आणि वाटेवरच्या लहान ग्रामपंचायतींची शक्ती हजार-दोन हजार घरांची असते. पिण्याचे पाणी, तात्पुरती शौचालये, आरोग्य पथके, टँकर भरण्याची ठिकाणे, मुक्काम हलल्यावरची स्वच्छता हे सगळे जिल्हा परिषदेकडे. मी वाटेवरच्या एका गावात आरोग्यसेवकाला टँकरपाशी उभा पाहिले होते. त्याने छोट्या नळीत पाणी घेतले, दोन थेंब टाकले, पाणी पिवळसर झाले, आणि मगच त्याने टँकरवाल्याला हात केला. क्लोरीन पुरेसे आहे की नाही हे सांगणारी ही ओटी टेस्ट. पालखीसोबत चालणाऱ्या कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. एखादा साथीचा आजार झाला असता तर साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष सीईओंकडे गेले असते. तो झाला नाही म्हणून कोणी काही बोलले नाही. या पदाची पुष्कळशी चांगली कामे अशीच न दिसणारी असतात.

निवडून आलेल्या सभेशी असलेले नाते हा या पदाचा सर्वांत नाजूक भाग आहे. कायद्याने वाटणी सरळ आहे: काय करायचे ते सभा ठरवते, कसे करायचे ते अधिकारी. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, ते स्थायी समितीकडे आणि मग सर्वसाधारण सभेकडे जाते. महापौर सभेचे अध्यक्ष असतात, पण कार्यकारी अधिकार त्यांच्याकडे नसतो. तातडीच्या प्रसंगी लोकांच्या सुरक्षिततेसाठी आयुक्त आधी कृती करून नंतर समितीला कळवू शकतात. सभेचा एखादा ठराव कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध वाटला, तर राज्य शासन कलम ४५१ खाली तो स्थगित करू शकते. महापालिकेच्या वर्तुळात ‘ठराव विखंडनासाठी’, म्हणजे रद्द करण्यासाठी, ‘पाठवला’ हे वाक्य कानावर येते ते यातूनच.

सभेच्या हातातही एक शस्त्र आहे. एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच अष्टमांश सदस्यांनी मत दिले, तर आयुक्तांना हटवण्याची तरतूद कलम ३६ मध्ये आहे. सोलापूरच्या १०२ सदस्यांच्या सभेत हा आकडा ६४ होतो. नवी मुंबईत २५ ऑक्टोबर २०१६ रोजी तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव फार मोठ्या बहुमताने मंजूर झाला. सोलापूरकरांना मुंढे आधीच परिचयाचे होते, कारण त्यापूर्वी ते इथे जिल्हाधिकारी होते. ठराव होऊनही शासनाने त्यांना लगेच हलवले नाही. त्यांची बदली झाली ती २०१७ च्या मार्चमध्ये. एकाच घटनेत दोन्ही बाजूंची मर्यादा दिसली. सभेला आयुक्त नको होते, पण त्यांना नेमणारे आणि काढणारे शासन होते.

मार्च २०२२ मध्ये मात्र हे सारे नातेच बाजूला पडले. सोलापूर जिल्हा परिषद आणि महापालिका, दोन्हींच्या सदस्यांची मुदत संपली, आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या, आणि सीईओ व आयुक्त हेच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारे तेच आणि सभेच्या वतीने तो मंजूर करणारेही तेच. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचे निर्देश दिले, तोवर तीन वर्षांहून अधिक काळ गेला होता. या काळात काही कामे झपाट्याने झाली, हे मान्य केले पाहिजे. पण आपल्या प्रभागातला दिवा बंद आहे म्हणून ज्याच्या दारावर रात्री थाप मारता येते असा माणूस लोकांना उरला नव्हता. अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी तो त्या प्रभागात राहत नाही, आणि पुढच्या निवडणुकीला मत मागायला येत नाही. १८७२ साली जो अंकुश कायद्याने घातला तो इतका काळ काढून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

अधिकाराची हद्द किती आखूड असते हे सोलापूरच्या पाण्याइतके दुसरे काहीच सांगत नाही. वर्षानुवर्षे या शहराला चार-पाच दिवसांआड पाणी मिळत आले. घरोघरी बॅरेल, सिमेंटच्या टाक्या, पाणी येण्याच्या वेळेभोवती बांधलेले दिवस. २०१६ च्या जानेवारीत सोलापूरचे नाव देशातल्या पहिल्या २० स्मार्ट शहरांत आले, आणि उजनी धरणापासून शहरापर्यंत सुमारे ११० किलोमीटरची, दिवसाला १७० दशलक्ष लिटर पाणी आणणारी समांतर जलवाहिनी आखली गेली. लोक म्हणाले, आता आयुक्तांनी मनावर घेतले की झाले. पण पाहा: धरणातले पाणी जलसंपदा विभागाचे. वाहिनीची जमीन शहराबाहेरची, दुसऱ्या तालुक्यांतली, म्हणून भूसंपादन महसूल यंत्रणेकडे. महामार्गालगत खोदायला महामार्ग प्राधिकरणाची परवानगी. निधी काही स्मार्ट सिटीचा, काही एनटीपीसी या वीज कंपनीचा, आणि स्मार्ट सिटीचा कारभार वेगळ्या कंपनीकडे. आयुक्तांचा स्वतःचा हुकूम चालतो तो शहराच्या हद्दीत. आणि ही वाहिनी जवळजवळ सबंध त्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे आयुक्तांचे काम हुकूम देण्याचे कमी आणि चार कार्यालयांत जाऊन पाठपुरावा करण्याचे जास्त होते.

त्यातच मुदतीचा प्रश्न. राज्याच्या बदल्यांच्या कायद्यात एका पदावरचा सामान्य कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. भारतीय प्रशासन सेवेसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर, नियमांत किमान दोन वर्षांची तरतूद आली. अपवादांची वाटही दोन्हीकडे ठेवलेली आहे. जलवाहिनी कागदावर आल्यापासून इंद्रभुवनात अविनाश ढाकणे, दीपक तावरे, पी. शिवशंकर, शीतल तेली-उगले असे आयुक्त एकामागून एक आले. प्रत्येकाने आपल्या काळात काही गाठी सोडवल्या असतील. पण प्रत्येक नव्या माणसाला तीच फाईल पहिल्या पानापासून वाचावी लागली, तेच ठेकेदार, तेच परवाने, तेच पत्रव्यवहार. अभियंता, लेखापाल आणि लिपिक तेवढे जागेवर राहतात, आणि खरी स्मरणशक्ती त्यांच्याकडे असते. नवा प्रमुख पहिल्या महिन्यात कोणाचे ऐकतो, यावर पुढची दोन वर्षे ठरतात असे महापालिकेतले जुने लोक सांगतात, आणि मला ते पटते.

म्हणून अर्ज घेऊन जाणाऱ्याने तीन गोष्टी आधी पाहाव्यात. आपले काम शहराच्या हद्दीतले आहे की गावातले. ते खरोखर प्रमुखांच्या अधिकारातले आहे की गटविकास अधिकारी, विभागीय कार्यालय किंवा खातेप्रमुख यांच्या. आणि आपल्या अर्जाचा आवक क्रमांक हाती आहे का. ग्रामपंचायतीच्या रस्त्या-गटारीसाठी सीईओंपर्यंत जाण्याआधी हेही लक्षात घ्यावे की पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीला गेला, आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला १०-१० टक्केच. म्हणजे त्या कामाचा पैसा पुष्कळदा सरपंचांच्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या सहीत असतो, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारता येतो.

बदलीचा आदेश बहुधा संध्याकाळी निघतो. आधी तो मोबाइलवर फिरतो, मग कार्यालयात येतो. दुसऱ्या दिवशी कार्यभार हस्तांतरणाचा कागद टंकलिखित होतो. त्यावर दोन सह्या लागतात, सोपवणाऱ्याची आणि स्वीकारणाऱ्याची, तारखेपुढे ‘मध्यान्हपूर्व’ किंवा ‘मध्यान्होत्तर’ लिहिलेले असते. जाणारे साहेब खातेप्रमुखांशी बोलतात, चालकाचा आणि शिपायाचा निरोप घेतात. दालनातल्या लाकडी फलकावर त्यांच्या नावापुढे शेवटची तारीख रंगवली जाते आणि खाली नवे नाव येते. टेबलावरच्या फायली मात्र तशाच असतात. त्यांतली एखादी त्या गळक्या वर्गखोल्यांची, तांत्रिक मान्यतेपर्यंत पोहोचलेली.